तो कोपऱ्यात बसतो, ती भाकऱ्या करते

मागच्या अंकात स्किझोफ्रेनियावर, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं अशा मनाच्या आजारावर लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला. गंमत म्हणजे फिरून फिरून बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, बाईचा हा आजार आणि पुरुषाचा हा आजार वेगळा असतो का हो? कुणी सरळ विचारलंय, कुणी आडून. त्यातली सहा पत्रं घेतली आहेत. नावं छापत नाहीये, फक्त गाव.

डॉक्टरताई, माझ्या दोन्ही मुलांना हाच आजार आहे. मुलगी ३४ची, तिला अठ्ठाविसाव्या वर्षी सुरू झालं, आता माहेरीच असते. मुलगा २७चा, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला असताना एकोणिसाव्या वर्षी झालं. मुलगी सकाळी उठते, भाकऱ्या करते, शेजारणींचे ब्लाऊज शिवून देते. मुलगा कोपऱ्यात बसून असतो, अंघोळीला चारदा सांगावं लागतं. यांचे वडील म्हणतात तो आळशी आहे, तिला जमतं तर याला का नाही? – एक आई, तासगाव

ताई, आधी त्यांच्या वडिलांना सांगा की हा आळस नाही. आळशी माणसाला सिनेमाला चल म्हटलं की तो उठतो, तुमचा मुलगा त्यालाही उठणार नाही, हो ना? बोलणं कमी होणं, काहीच करावंसं न वाटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, याला आम्ही निगेटिव्ह लक्षणं म्हणतो, आणि ती पुरुषांमध्ये जास्त दिसतात. आवाज ऐकू येणं, संशय येणं यावर गोळ्या चांगल्या चालतात पण या कोपऱ्यात बसण्यावर त्यांचा फारसा जोर चालत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं की आवाज तर थांबले मग आता हा नाटक करतोय.

आता दोघांमधला फरक. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वय. मुलांमध्ये हा आजार साधारण अठरा-वीस ते पंचविशीत येतो, मुलींमध्ये तीन-चार वर्षं उशिरा. जर्मनीत मॅनहाइमला हाइंझ हाफनर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांच्या गटाने पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २३२ जणांना अगदी बारकाईने विचारलं की पहिलं लक्षण नेमकं कधी दिसलं, दवाखान्यात कधी आलात ते नव्हे, आणि तिथेही हा फरक दिसलाच. वाचायला तीन-चार वर्षं म्हणजे काहीच नाही वाटत, पण विचार करा ती कोणती वर्षं आहेत. तुमच्या मुलीचं शिक्षण झालं, शिवण शिकून झालं, घर चालवायला शिकली, चार माणसांत वागायला शिकली, आणि मग आजार आला. मुलगा सेकंड इयरला होता, त्याचं अजून काहीच बनलेलं नव्हतं. तिच्याकडे परत जायला एक जागा आहे, चूल आहे, मशीन आहे. त्याला परत कुठे जायचं, सेकंड इयरच्या वर्गात? तिथली पोरं तर केव्हाच पास होऊन गेली.

एक आणखी सांगते, एकाच घरात आजार चालत आला असेल तर मुलीतही तो लवकर येतो आणि वयाचा फरक पुसट होतो असं त्याच हाफनरच्या गटाला दिसलं होतं. तुमच्या घरी मात्र नऊ वर्षांचा फरक पडलाय, म्हणजे सरासरी ही सरासरीच असते, घरात येताना ती वाचून येत नाही.

आणि एक प्रश्न मीच विचारते, रागावू नका. मुलगा हॉस्टेलला गांजा ओढायचा का? मुलांमध्ये हे जास्त दिसतं, आणि गांजा ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिस, म्हणजे भ्रम-भासांचा आजार, सरासरी पावणेतीन वर्षं आधी सुरू झालेलं आढळलंय. आता ते उगाळून उपयोग नाही, पण अजून चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, नुसत्या गोळ्या वाढवून काही होणार नाही.

करायचं काय? त्याला बहिणीशी तोलू नका, हे पहिलं. दिवसाला एकच काम द्या, रोज तेच, ठरलेल्या वेळी, दूध आणणं म्हणा, गाईला वैरण टाकणं म्हणा. सांगून केलं तरी चालेल, चारदा सांगून केलं तरी चालेल. आणि ती भाकऱ्या करते म्हणून ती बरी आहे असं धरून तिच्या गोळ्यांकडे दुर्लक्ष करू नका, कारण घरकाम सवयीने होतं, आतून आवाज चालू असतानाही होतं. माझ्याकडे अशा बायका आल्यात ज्यांनी दोन-दोन वर्षं आवाज ऐकत डबे केले, कुणाला पत्ता नाही. पोरगं कॉलेजला गेलं नाही तर घर हलतं, बाईचा स्वयंपाक वेळेवर होतोय तोवर तिला कुणी विचारत नाही.

मॅडम, मी नर्सिंगला आहे, सध्या सायकियाट्रीची पोस्टिंग चालू आहे. पुस्तकात लिहिलंय मुलांना लवकर होतो, पण आमच्या वॉर्डात मुलीपण तेवढ्याच लहान दिसतात. आणि हे खरंय का की बायकांना इस्ट्रोजेनमुळे संरक्षण मिळतं? मग इस्ट्रोजेनच का देत नाहीत? – लातूर

अगं, तुझे डोळे चांगले आहेत. पुस्तकातले बरेचसे आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे बंगलोरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये नेमकं हेच छापलं होतं की त्यांच्या पेशंटमध्ये स्त्री-पुरुषांच्या वयातला हा फरक दिसत नाही. का दिसत नाही यावर वाद आहेत, पण वॉर्डात दिसतंय ते खोटं आणि छापलंय ते खरं असं धरून चालू नकोस, हा सल्ला फुकट.

इस्ट्रोजेनचं, म्हणजे बायकांच्या त्या हॉर्मोनचं म्हणशील तर त्यात तथ्य आहे. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामावर इस्ट्रोजेन थोडा ब्रेक लावतं असं दिसतं, म्हणून तरुणपणी बायकांना काहीसं कवच मिळतं. पाळीच्या आधीच्या आणि पाळीच्या दिवसांत इस्ट्रोजेन खाली असतं तेव्हा काही जणींची लक्षणं वाढतात, बाळंतपणानंतर ते एकदम कोसळतं, आणि पाळी जाते तेव्हा तर कवचच निघतं. वॉर्डात बायकांच्या चार्टवर पाळीची तारीख लिहून बघ, पैसे लागत नाहीत आणि बरंच काही कळतं. ही नोंद मी कित्येक फाईलींमध्ये शोधते आणि सापडत नाही.

औषध म्हणून देऊन बघितलंय. मेलबर्नला प्रोफेसर जयश्री कुलकर्णी आहेत (हो, आडनाव आपलंच), त्यांच्या गटाने आजार असलेल्या १०२ बायकांवर २८ दिवसांचा प्रयोग केला, नेहमीच्या औषधासोबत काही जणींना कातडीवर चिकटवायचा इस्ट्रोजेनचा पॅच आणि काही जणींना नुसता खोटा पॅच. पॅचवाल्यांची भ्रम-भासांची लक्षणं जास्त उतरली. २००८ साली ते छापून आलं. पण सरसकट देत नाहीत कारण लांबच्या मुदतीत गर्भाशय, स्तन, रक्ताच्या गुठळ्या हे सगळं बघावं लागतं, आणि पुरुषांना तर देणं अवघडच. म्हणून पुढे रॅलॉक्सिफिनसारख्या औषधांवर काम झालं, जी मेंदूवर थोडं इस्ट्रोजेनसारखं वागतात पण स्तन-गर्भाशयाला तेवढा त्रास देत नाहीत. अजून रोजच्या ओपीडीत लिहून द्यायची गोष्ट नाही ती. परीक्षेला आलं तर "सोबतचं औषध" असं लिही.

आमच्या पुतणीचं (वय २६) प्रकरण आहे. तीन वर्षांपूर्वी तिला संशय, आवाज वगैरे झालं, गोळ्यांनी पूर्ण उतरलं, आता बँकेत नोकरी करते, कुणाला सांगितल्याशिवाय कळणार नाही. स्थळं येतायत. माझ्या भावाचं म्हणणं आहे की सांगितलं तर लग्नच होणार नाही, आणि लग्न झालं की असे आजार आपोआप जातात. गोळ्याही साखरपुड्याच्या आधी बंद करू म्हणतोय. काय करावं? – एक काका, नाशिक

काका, तुम्ही पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. भावाच्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत, तिन्हीला वेगवेगळं उत्तर देते.

लग्नाने हा आजार जात नाही. जातो असं वाटतं कारण लग्नं बहुतेक वेळा बरं वाटत असतानाच होतात. मग काय होतं ते मी इतक्या वेळा बघितलंय की पाठ झालंय. साखरपुड्याला गोळी बंद, लग्नात जागरणं, नवीन घर, नवीन माणसं, झोप नाही, सासूसमोर गोळी घ्यायची चोरी, आणि काही महिन्यांत मुलगी परत संशय घ्यायला लागते. सासरचे म्हणतात आजारी मुलगी गळ्यात मारली, माहेरचे म्हणतात आमच्याकडे तर ठणठणीत होती, तुम्हीच छळलंत. मुलगी मधल्यामध्ये, आणि शेवटी एका बॅगेसकट माहेरी.

इथे बाईच्या आणि पुरुषाच्या आजाराचा खरा फरक दिसतो, आणि तो मेंदूत नाही. चेन्नईला डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा आजारी पडलेल्या ९० पेशंटचा दहा वर्षं पाठपुरावा केला. लग्नांचं बघितलं तर पुरुषांमध्ये जास्त जण अविवाहित राहिले, आणि बायकांमध्ये जास्त जणींची लग्नं मोडली. म्हणजे मुलगा आजारी असला तर त्याचं लग्न होत नाही, किंवा झालंच तर बायको सांभाळते. मुलगी आजारी असली तर तिचं लग्न होतं आणि मग तिला परत पाठवतात. नंतर त्यांनी अशा परत आलेल्या बायकांशी बोलून आणखी अभ्यास केला, त्यात एक गोष्ट अशी निघाली की आजाराच्या डागापेक्षा नवऱ्याने सोडल्याचा डाग या बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना जास्त बोचत होता. मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नव्हतं. डॉक्टरांच्या कागदावर बायकांचा आजार सौम्य, गोळ्यांना लवकर दाद देणारा, ॲडमिट कमी वेळा होणारा. आणि प्रत्यक्षात आयुष्य जास्त उधळलेलं त्यांचंच.

आता सांगायचं का. सांगायचं. नीतीसाठी तर सांगायचंच, पण भाऊ व्यवहारी माणूस दिसतोय तर त्याला व्यवहार सांगा. हिंदू विवाह कायद्यात १२व्या कलमात आहे की महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. म्हणजे लपवलं तर समोरच्याच्या हातात तुम्हीच कोलीत देताय. उलट सांगून केलेलं असेल तर कायदा एवढा कडक नाहीये, स्किझोफ्रेनिया हा नुसता शब्द फाईलवर आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजार इतका तीव्र असावा लागतो की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये, हे सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात सांगितलंय.

कधी सांगायचं? पत्रिका बघतानाच नको, पहिल्याच फोनवर तर नकोच. मुलगा-मुलगी दोनतीनदा भेटले, पसंती होतेय असं वाटलं, की साखरपुड्याच्या आधी. आणि ते मुलीने मुलाला सांगावं, काकांनी मध्यस्थाला नाही. हवं तर दोघांना डॉक्टरांकडे एकत्र पाठवा, मी अशा बऱ्याच भेटी घेतल्यात, काही मुलं उठून गेली, काही नाही गेली. त्यांचा हमखास प्रश्न असतो मुलांना होईल का. आई किंवा वडील एकाला असेल तर मुलाला व्हायची शक्यता साधारण शंभरात दहाच्या आसपास, म्हणजे नव्वद जणांना होत नाही, हे असं स्पष्ट आकड्यात सांगितलं की निम्मी भीती जाते.

गोळ्यांना हात लावू नका. बाळाचा विचार असेल तेव्हा आधीच, म्हणजे दिवस राहायच्या आधी, डॉक्टरांशी बसून ठरवायचं, कारण काही औषधं गरोदरपणात चालतात, काही बदलावी लागतात, व्हॅल्प्रोएटसारखं औषध चालू असेल तर ते तर आधीच थांबवायला हवं. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जपायचे, तेव्हा झोप मोडते आणि हॉर्मोन खाली येतात, दोन्ही एकदम. रात्रीचं दूध पाजून झालं की बाळाला कुणीतरी दुसऱ्याने घ्यायचं आणि हिला सलग झोपू द्यायचं, ही आपल्या आज्यांची पद्धत तशी उत्तम होती. बंगलोरला निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा वॉर्ड २००९ पासून आहे, आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी आईला ॲडमिट करतात आणि बाळ आजीकडे, वरचं दूध.

आणि काका, पुतणीला कुणी विचारलंय का की तिला आत्ता लग्न करायचंय की नाही? तुमच्या पत्रात ते कुठे दिसलं नाही.

बायकोला गेली दोन वर्षं रिस्पेरिडोन चालू आहे. आजार बरा आहे पण पाळी सात महिने आली नाही, छातीतून दुधासारखं येतं, वजन १४ किलो वाढलं. तिला वाटतं ती गरोदर आहे, घरचे म्हणतात भ्रम आहे. डॉक्टरांना हे कसं सांगू, ते पुरुष आहेत, तिला लाज वाटते. – डोंबिवली

तिला भ्रम झालेला नाही हो! पाळी बंद, छातीत दूध, वजन वाढलेलं, कुठलीही बाई हाच अर्थ काढेल. आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करून टाका, शंका मिटेल. मग डॉक्टरांना सांगा प्रोलॅक्टिन, म्हणजे छातीत दूध आणणारं हॉर्मोन, तपासायचंय, साधी रक्ताची तपासणी असते. रिस्पेरिडोनने हे हॉर्मोन वाढतं हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असतं, पण विचारत नाहीत कारण त्यांनाही संकोच, आणि ही सांगत नाही कारण हिला संकोच, आणि मग बाई एक दिवस गुपचूप गोळ्या सोडते. पुरुष पेशंटलाही प्रोलॅक्टिन वाढून त्रास होतो, लैंगिक इच्छा जाते, तोही बोलत नाही, पण निदान त्याला कुणी गरोदर ठरवत नाही.

तुम्हीच चिठ्ठीवर लिहून द्या, पाळी शेवटची कधी आली ती तारीख घालून. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा सोबत एरिपिप्रॅझोल नावाची दुसरी गोळी देणं असे रस्ते आहेत, तुमचे डॉक्टर ठरवतील. बायकांना बऱ्याचदा पुरुषांपेक्षा कमी डोस पुरतो, याच आजारावरचं क्लोझापिन-ओलांझापिन तर तेवढ्याच गोळीत बायकांच्या रक्तात जास्त चढतं, तरी आपल्याकडे सगळ्यांना एकाच मापाची गोळी लिहायची सवय आहे. वर्षानुवर्षं पाळी बंद राहिली तर हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे चालतंय चालू दे म्हणू नका.

एक सावधगिरी. औषध बदललं की पाळी परत सुरू होते, आणि कधीकधी पाळी यायच्या आधीच दिवस जातात. आत्ता मूल नको असेल तर त्याची सोय औषध बदलायच्या आधी करा, नंतर नाही.

भावाला क्लोझापिन चालू आहे. हॉस्पिटलमधे एकदम शांत होता, घरी आल्यावर पंधरा दिवसांत परत बडबड. गोळ्या मी स्वतः देतो. दिवसाला दोन पाकिटं सिगारेट आहे. – कोल्हापूर

उत्तर शेवटच्या वाक्यात आहे. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर क्लोझापिन भराभर संपवतं. हॉस्पिटलमध्ये ओढायला मिळत नव्हती तेव्हा औषध रक्तात टिकत होतं, घरी आला, धूर सुरू, औषध खाली. हे धुरामुळे होतं, तंबाखूतल्या निकोटिनमुळे नाही, म्हणून विडीने होतं आणि मळून खाल्लेल्या तंबाखूने किंवा मिश्रीने नाही (म्हणून मिश्री लावा असा अर्थ काढू नका). डॉक्टरांना पाकिटांचा आकडा खरा सांगा. आणि त्याने एकदम सोडायची ठरवली तरी आधी सांगा, कारण मग तोच डोस अंगावर जास्त पडतो, गुंगी येते, फिट येऊ शकते.

आई ५२ वर्षांची. आयुष्यात कधी काही नव्हतं, शाळेत शिक्षिका होती. वर्षभर म्हणते वरच्या मजल्यावरचे लोक भिंतीतून गॅस सोडतात, रात्री तिच्याबद्दल बोलतात. बाकी सगळं नीट, हिशोब नीट, स्वयंपाक नीट. बाबा म्हणतात पाळी गेल्यामुळे चिडचिड आहे. मावशी म्हणते वास्तुशांत करा. या वयात स्किझोफ्रेनिया होतो का? – एक मुलगी, पुणे

होतो. पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपास बायकांमध्ये या आजाराचा दुसरा, लहानसा उंचवटा दिसतो, पुरुषांमध्ये तो दिसत नाही. तरुण वयात नवे पेशंट बघितले तर दहा बायकांमागे चौदा पुरुष असा काहीसा हिशोब असतो, पण या वयात पारडं फिरतं. बाबा अर्धे बरोबर आहेत बघ, पाळी जाण्याचा संबंध असू शकतो, पण त्याला चिडचिड म्हणून सोडून देता येणार नाही. आणि तू लिहिलंयस ते अगदी नमुनेदार आहे, भिंतीतून, छतातून, शेजारच्या घरातून काहीतरी येतंय ही या वयातल्या आजाराची खूणच आहे म्हण ना.

पण शिक्का मारायच्या आधी बाकीचं बघू. थायरॉइड, बी-१२, साखर, नवीन सुरू झालेली औषधं, नजर, स्मरणशक्ती. आणि कान! ऐकू कमी यायला लागलं की माणूस अर्धवट आवाजांना अर्थ लावत बसतो, या वयातल्या संशयाच्या आजारात कमी ऐकू येणं बऱ्याचदा सापडतं. टीव्हीचा आवाज वाढवायला लागली आहे का ती? मग आधी कानाच्या डॉक्टरकडे.

औषधाला अशा पेशंट बऱ्यापैकी दाद देतात, तेही कमी डोसमध्ये. घरी तोवर तिच्याशी वाद घालू नका, गॅस नाहीये हे सिद्ध करायला वरच्यांना खाली बोलावून समोरासमोर तर अजिबात करू नका, आणि हो हो म्हणून खिडक्यांना टेपही लावू नका. "तुला भीती वाटत असणार" एवढं म्हणा, ते खरंच आहे. चहातून गोळी घालायचा मोह होईल, सगळ्या घरांना होतो, पण ज्या बाईला वाटतंय की लोक विष देतायत तिला चहात गोळी सापडली तर तिचा संशय खरा ठरला ना.

पुण्यात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलतात, आधी तू एकटीने फोन करून विचारलंस तरी चालेल. तिला नेताना खोटं कारण सांगू नकोस. झोप लागत नाही ना तुला रात्री, त्यासाठी जाऊ, असं म्हण, आणि तुझ्या पत्रावरून वाटतं ती त्याला हो म्हणेल.